श्वास कापलेलं गाणं

२००६चा डिसेंबर, रविवारची सकाळ. ठिकाण गंगापूर रोडवरचं एक उडुपी हॉटेल. रक्कम पाच हजार रुपये, एका कार्यक्रमाची. हजर माणसं तीन: कार्यक्रम ठरवणारा बंटी, स्टुडिओवाले जोशीकाका आणि मी. तिघांनी कॉफी घेतली. बिल काकांनी दिलं, कारण बंटीकडे सुटे नव्हते आणि मला वाटत होतं की बंटी देईल.

मी त्या वेळी रॅपर होतो. आज दोन पोरींचा बाप आणि सोसायटीचा खजिनदार या नात्याने हे वाक्य लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण ते खरं आहे. दिवसा मी अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. तयार शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचे, माप चुकलं की बाजूला काढायचे. उरलेल्या वेळात रॅप. नावही कामावरूनच घेतलं होतं: मायक्रॉन.

रॅप म्हणजे पूर्ण गाणं नव्हे आणि भाषणही नव्हे. मागे एक ठेका चालू असतो, त्याला आम्ही बीट म्हणतो. त्या बीटवर यमक जुळवत शब्द टाकत जायचे. सूर थोडा हलला तर चालतं, ठोका चुकला तर चालत नाही. मला सूर नव्हता, पण मोजता येत होतं. म्हणून मी रॅपकडे वळलो.

इंडिपेंडंट रॅपर म्हणजे ज्याच्यामागे कंपनी नाही तो. गाणं आपण लिहायचं, स्टुडिओचं भाडं आपण भरायचं, सीडी आपण छापून आणायच्या आणि कॉलेज रोडच्या दुकानदाराला 'दर्शनी ठेवा हो' म्हणून आपणच विनवायचं. मुंबईत अशी पोरं एकमेकांना भेटत असतील, एकमेकांची गाणी ऐकत असतील. नाशिकमध्येही असतील कुणी. मला भेटली नाहीत. मी सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत, बायको-पोरगी बाहेर गेली की, कपाटाच्या आरशासमोर उभा राहून सराव करायचो. शेजारच्या काकूंनी एकदा मनीषाला विचारलं, "तुमचे मिस्टर फोनवर कुणाशी भांडतात गं?"

माझं एकच गाणं चाललं. नाव 'फर्स्ट शिफ्ट'. सुरुवात अशी होती:

सहाचा भोंगा, पाचची जाग,
डब्यात भाकर, डोक्यात आग,
गेटवर वॉचमन, कार्डावर शिक्का,
मिनिट उशीर, पगाराला धक्का.

दुकानातून सीडी फारशा गेल्या नाहीत. मग मी सीबीएस बसस्टँडवरच्या शेअर रिक्षावाल्यांना फुकट वाटल्या. त्यांच्या सीटमागे हे मोठाले स्पीकर असायचे. सातपूरच्या, अंबडच्या कारखान्यांतल्या गिऱ्हाइकाला गाणं आपलं वाटलं. कॉलेजची पोरं त्याच रिक्षांतून जायची, त्यांनी उचललं. पुढे कुणीतरी पन्नास गाण्यांची चोरीची सीडी काढली, तिच्यात माझं गाणं होतं, सदतिसावं. माझं नाव नव्हतं. एकदा रिक्षात माझ्या शेजारी बसलेला मुलगा गाण्याबरोबर पूर्ण कडवं म्हणत होता. मी म्हटलं, "हे माझं गाणं आहे." तो म्हणाला, "माझं पण फेवरेट आहे, काका."

तर बंटी. जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगला मांडव, स्पीकर, लाइट आणि कलाकार पुरवायचा त्याचा धंदा. डिसेंबर-जानेवारी हा त्याचा सीझन. माझ्या सीडीच्या कव्हरवरच्या पत्त्यावरून तो काकांच्या स्टुडिओत पोचला आणि काकांनी मला बोलावून घेतलं.

"सिन्नरच्या बाजूला एक कॉलेज आहे," बंटी म्हणाला. "पुढच्या रविवारी तिथे ट्रायल म्हणून कर. जमलं तर पुढची सगळी गॅदरिंग तुझी. निफाड, येवला, मालेगाव, मी नेईन तिकडे. पोरं तुझ्या गाण्यावर वेडी आहेत, भाऊ."

माझ्यासाठी हे वेळेवर आलं होतं. कारखान्यातले पाटीलसाहेब मला कायम करायला तयार होते. पण कायम म्हणजे तिन्ही पाळ्या फिरत्या, गरज पडेल तेव्हा रविवारही. कार्यक्रम बंद. होकार की नकार ते मला सोमवारी, म्हणजे त्या गॅदरिंगनंतरच्या सोमवारी, सांगायचं होतं. मनीषा मोजकंच बोलली. "बंटीने सीझन दिला तर साहेबांना नाही म्हण. मी शिवणकाम वाढवते. नाही दिला तर सही कर, आणि मग परत आरशासमोर उभं राहायचं नाही." मला हा हिशेब मान्य होता.

अडचण दुसऱ्याच दिवशी कळली. मी सरावासाठी नुसतं बीट लावलं आणि 'फर्स्ट शिफ्ट' सलग म्हणायला गेलो. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझी हवा संपली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मी ते गाणं कधी सलग म्हटलंच नव्हतं. स्टुडिओत पंच-इन करतात. म्हणजे एक ओळ म्हणायची, थांबायचं, पाणी प्यायचं, पुढची ओळ म्हणायची. नंतर कॉम्प्युटरवर ओळीला ओळ चिकटवायची. आणि जोशीकाकांचा स्टुडिओ चालायचा तो आरत्या, भजनं आणि सेलच्या जाहिरातींवर. जाहिरात तीस सेकंदांची, त्यात दुकानाचं नाव तीनदा यायला हवं. तिथे श्वासाला जागा नसते. काकांच्या हाताला सवयच होती, दोन शब्दांमध्ये श्वास ऐकू आला की माउसने धरायचा आणि कापायचा. त्यांनी माझ्या गाण्यातले सगळे श्वास कापले आणि ओळी एकमेकींना भिडवल्या. तेव्हा ते ऐकून मी खूश झालो होतो. आम्ही कारखान्यात शाफ्टच्या कडेची खरखर घासून काढतो, तसंच गुळगुळीत काम वाटलं होतं.

मी काकांकडे गेलो.

"काका, हे माणसाला म्हणता येत नाही."

"अरे, पण ऐकायला कसं वाटतं? बंदुकीसारखं!"

"मला रविवारी स्टेजवर म्हणायचंय."

काकांनी चष्मा वर केला. "मग बीट हळू करू?" त्यांनी वेग कमी करून दाखवला. आम्ही दोघांनी ऐकलं. माझा कारखाना एकदम शांत, संध्याकाळच्या कीर्तनासारखा वाटायला लागला. काकांनीच ते बंद केलं.

"काही शब्द गाळ," ते म्हणाले.

"कुठले? पोरांना सगळे पाठ आहेत."

यावर धंद्यात एक उत्तर आहे. रॅपर स्टेजवर एकटा नसतो. त्याच्याबरोबर आणखी एक जण माइक घेऊन असतो. तो ओळीचे शेवटचे शब्द उचलतो, तेवढ्यात मुख्य माणूस श्वास घेतो. त्याला बॅकअप म्हणतात. हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. फक्त माझ्याकडे असा माणूस नव्हता. मी मनातल्या मनात ओळखीची सगळी माणसं तपासली. माझं गाणं पाठ असलेली शेकडो पोरं जिल्ह्यात होती आणि त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचमधले साळवे नाना डबा घेऊन माझ्यासमोर बसले. नानांचं घर पंचवटीत, मूळ गाव दिंडोरीकडे. शिवजयंतीला, निवडणुकीला ते एका शाहिराच्या पार्टीत झील धरायचे. झील म्हणजे, शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले दोघे-तिघे शेवटचा शब्द उचलून 'जी जी रं जी' करत लांबवतात. मी त्यांचा पोवाडा दोनदा पाहिला होता. त्या क्षणी चपातीचा घास हातात असतानाच मला शाहिराची छाती आठवली. झील चालू असताना ती फुगायची.

"नाना, तुम्ही झील धरता ती शाहिराला श्वास घेता यावा म्हणून ना?"

"श्वासाचं आपल्याला काय म्हाईत नाय," नाना म्हणाले. "आपण जी जी केलं का मागचं झोपलेलं पब्लिक उठतं. म्हणून करायचं."

मी त्यांना सगळं सांगितलं. नाना हसले. "म्हंजे इन्स्पेक्टर, तुमच्या पोवाड्याला दम लागला म्हणा की!"

"येता का?"

"डफ आणू?"

"डफ नको."

"फेटा?"

"फेटाही नको, नाना."

"मग मजा काय हाय त्यात?" पण ते तयार झाले. त्यांचा रेट दोनशे, प्रवास आणि चहा वेगळा, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मी म्हटलं, निम्मे देईन. ते म्हणाले, "आधी मिळू तर द्या."

गुरुवारपासून पहिली पाळी सुटली की डिस्पॅचच्या शेडमागे, लाकडी खोक्यांच्या आडोशाला आमचा सराव सुरू झाला. पहिले दोन दिवस वाईट गेले. मी 'पगाराला धक्का' म्हणायचो आणि नाना 'धक्का'ला धरून असे लांब न्यायचे की माझी पुढची ओळ वाहून जायची. ओळ पकडली की शेवटी हमखास 'जी' यायचा.

"नाना, 'जी' नाही."

"आपोआप येतो ओ. तीस वर्षांचा हाय तो."

शनिवारी आम्ही वाटणी केली. दर दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द नानांचा, फक्त त्यांचा. मी तो म्हणायचाच नाही. 'डोक्यात' म्हणून मी थांबायचो, नाना 'आग' म्हणायचे, तेवढ्यात माझ्या छातीत हवा. 'पगाराला' मी, 'धक्का' ते. आम्ही सगळं गाणं एकदाही न थांबता पूर्ण केलं. पॅकिंगवाल्या दोन बायका खोक्यांवरून बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "नाना, या वयात मायकल होता का?" नाना म्हणाले, "होतो. तुमचं काय जातंय?"

गाणं लिहून झाल्यापासून पहिल्यांदाच माझी ओळ दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केली होती. मला त्या संध्याकाळी अंबडहून घरी जाताना सायकल हलकी लागत होती.

रविवारी दुपारी आम्ही एसटीने कॉलेजवर पोचलो. नानांनी कारखान्याचा निळा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता. बंटीने त्यांना खालून वर पाहिलं.

"हे काका कोण?"

"माझे बॅकअप."

"पोस्टरवर एकटाच आहेस तू." त्याने मला बाजूला घेतलं. "सोपी गोष्ट अवघड कशाला करतोस? मी डीजेला सांगतो, सीडी लावेल. तुझा माइक बंद. तू ओठ हलव, हात हलव. सगळे करतात, मोठमोठे करतात."

"मग माझं काम काय?"

"दिसायचं."

"मी म्हणणार. पूर्ण म्हणणार."

बंटीने खांदे उडवले. "म्हण बाबा. पण पोरांना ते गाणं पाहिजे, एवढं लक्षात ठेव."

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा आमचं नाव पुकारलं. मैदान भरलं होतं. निवेदक मुलीने "फर्स्ट शिफ्ट" एवढं म्हणताच जो आवाज झाला, तसा आवाज मी माझ्यासाठी झालेला आधी कधी ऐकला नव्हता. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बीट सुरू झालं.

आम्ही चुकलो नाही. हे मी मोजून सांगतो आहे, कारण त्या वेळी मी मनात ठोके मोजतच होतो. पहिलं कडवं स्वच्छ गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर, जिथे माझी हवा संपायची, तिथे नानांनी शब्द उचलला आणि मी श्वास घेतला. ते गाणं मी त्याच्यापेक्षा चांगलं कधीच म्हटलं नव्हतं.

पण मैदान गप्प होतं. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांकडे बघत होती. मग मागून एक आवाज आला, "ओरिजिनल लावा ना!"

मला वाटलं, दुसऱ्या कशाबद्दल तरी असेल. मी तिसऱ्या कडव्यात शिरलो.

"ओ काका, डुप्लिकेट नको! ओरिजिनल लावा!"

त्यांनी ते गाणं रिक्षात शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यात कुणी श्वास घेत नव्हतं. त्यात म्हाताऱ्या माणसाचा आवाज नव्हता. माझा माइक माझी धाप मैदानभर पोचवत होता आणि त्यांना वाटत होतं, बंटीने कुणीतरी नकली माणूस उभा केला आहे. टाळ्यांच्या ठेक्यावर सगळे ओरडायला लागले, "ओ-रि-जि-नल! ओ-रि-जि-नल!" त्यांचा ठेका अचूक होता, तेही सांगायला हवं.

मी बीट थांबवायला लावलं आणि माइकमध्ये म्हटलं, "मीच ओरिजिनल आहे. गाणं माझं आहे."

हशा पिकला. खवचट नव्हता. पोरांना तो विनोद आवडला.

बंटीने डीजेकडे बघून हात फिरवला. माझा माइक बंद झाला आणि सीडी सुरू झाली. सहाचा भोंगा, पाचची जाग. माझाच आवाज, बंदुकीसारखा. अख्खं मैदान उसळलं. बाकांवर उभं राहून पोरं-पोरी माझा शब्द न् शब्द म्हणत होती. मी स्टेजवर बंद माइक धरून उभा. पुढच्या रांगेतल्या एका दाढीवाल्या मुलाकडे मी बघत राहिलो. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याचीही हवा संपली. तो थांबला, तोंड उघडून श्वास घेतला, शेजारच्याने ओळ चालू ठेवली, पुढच्या ओळीला हा परत आला. सगळ्या मैदानात तेच चाललं होतं. कुणी ना कुणी थांबत होतं आणि गाणं थांबत नव्हतं. त्यांच्यातल्या कुणाला ते कळतही नव्हतं. ते गाणं एकट्याने म्हणण्याचं नव्हतंच, आणि मी ते एकट्याने लिहिलं होतं.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, "इन्स्पेक्टर, आता काय करायचं?"

"उभं राहायचं, नाना."

आम्ही गाणं संपेपर्यंत उभे राहिलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक डीजेसाठी.

मांडवामागे बंटीने पैसे मोजले. चार हजार.

"पाच ठरले होते," मी म्हटलं.

"हजार डीजेचे. गाणं त्याने वाजवलं."

"आणि पुढची गॅदरिंग?"

बंटी वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्याकडे न बघता स्पीकरची वायर गुंडाळत उत्तर दिलं. "गाणं घेणार ना भाऊ. सगळीकडे घेणार. फक्त तू एवढ्या लांब यायची गरज नाही. सीडी आहे माझ्याकडे." ती पन्नास गाण्यांची सीडी होती.

एसटीत नाना खिडकीशी बसले. मग म्हणाले, "एक जी टाकला असता ना, तर पब्लिक उठलं असतं." मी हो म्हटलं. ते द्वारका चौकात उतरले. मी पुढे सीबीएसपर्यंत एकटा आलो आणि तिथून शेअर रिक्षा केली. रिक्षावाल्याने कुठलं गाणं लावलं असेल ते सांगत नाही. खोटं वाटेल.

सोमवारी पाटीलसाहेबांच्या टेबलावर सही केली. त्या नोकरीतून मी अजून निवृत्त व्हायचा आहे.

नवीन पोरं हल्ली मला कुठून तरी शोधून फोन करतात, घरी बसून मोबाइलवर रेकॉर्ड करतात, सल्ला विचारतात. मी त्यांना फार शहाणपण शिकवत नाही. एवढंच सांगतो, की रेकॉर्ड करताना जेवढं म्हणता येतं तेवढंच ठेवा, आणि शक्यतो दोघं असा.

सही करून झाल्यावर एक काम राहिलं होतं. पुढच्या सुट्टीला मी नानांना घेऊन जोशीकाकांच्या स्टुडिओत गेलो. दोन माइक लावले. 'फर्स्ट शिफ्ट' आम्ही एका दमात, म्हणजे दोघांच्या मिळून दमात, सलग म्हटलं. शेवटी नानांचा 'जी' आलाच. काकांनी कॉम्प्युटरवर ते ऐकलं, माउस हातात घेतला आणि मान वळवून विचारलं, "श्वास ऐकू येतायत. काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं.

त्याची एकच सीडी केली. ती कुणी मागितली नाही.

मिळालेल्या चार हजारांपैकी निम्मे म्हणून नानांना दोन हजार दिले. त्यांनी गॅदरिंगचे दोनशे, स्टुडिओचे दोनशे आणि एसटीचं भाडं मोजून घेतलं आणि बाकीचे माझ्या खिशात परत कोंबले. जोशीकाकांना पंधराशे दिले. त्यांच्याकडे छापील पावतीपुस्तक होतं, त्यात 'भजन' आणि 'जाहिरात' असे दोनच पर्याय होते. काकांनी थोडा विचार केला आणि 'भजन'वर खूण केली.